एक माणूस, शंभर ड्रोन आणि न तपासलेला पडदा

२५ एप्रिल २००६ च्या पहाटे अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, नोगालेस या सीमेवरच्या गावाजवळ, सीमासंरक्षण विभागाचे एक वैमानिकरहित विमान कोसळले. ‘प्रिडेटर बी’ जातीचे हे विमान जमिनीवरच्या नियंत्रण कक्षातून उडवले जात होते. कक्षात शेजारी शेजारी दोन कन्सोल, म्हणजे पडदे आणि दांड्या असलेली नियंत्रणाची टेबले, होती, एक वैमानिकाचा आणि दुसरा कॅमेरा सांभाळणाऱ्याचा. एक बंद पडला तर दुसऱ्यावरून विमान चालवता यावे म्हणून दोन्ही जवळजवळ सारखे बनवलेले होते. त्या पहाटे वैमानिकाचा कन्सोल गोठला आणि त्याने नियंत्रण शेजारच्या कन्सोलवर घेतले. घोटाळा झाला तो एका दांडीमुळे. कन्सोल वैमानिकाच्या कामात असेल तर ही दांडी इंजिनाचे इंधन सोडते किंवा तोडते, आणि तोच कन्सोल कॅमेऱ्याच्या कामात असेल तर तीच दांडी भिंगाचे छिद्र लहानमोठे करते. कॅमेऱ्यासाठी ती ज्या जागी ठेवलेली होती, ती जागा इंजिनाच्या हिशेबाने ‘इंधन बंद’ अशी होती. नियंत्रण बदलले आणि इंजिनाचे इंधन तुटले.

विमान उंची सोडत आहे हे वैमानिकाच्या लक्षात आले, पण का सोडत आहे ते त्याला कळेना. मग त्याने जे केले ते त्याच्यापुढच्या तुटपुंज्या माहितीवरून पाहिले तर वेडेपणाचे म्हणता येणार नाही. त्याने जमिनीवरून जाणारा रेडिओ संपर्कच तोडला, म्हणजे ‘संपर्क तुटला’ असे समजून विमान आपणहून सुरक्षित उंचीवर चढेल आणि ठरलेल्या मार्गावर फिरत राहील, असा त्याचा हिशेब. इंधन तुटलेले विमान चढणार कसे? वस्ती विरळ असल्याने जमिनीवर कोणालाही इजा झाली नाही. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने कारण नोंदवताना पहिले बोट वैमानिकाकडे दाखवले: कन्सोल बदलण्यापूर्वी दोन्हीकडच्या दांड्या जुळवून घ्याव्यात असे तपासणी यादीत होते आणि त्याने यादी पाळली नाही. कन्सोल वारंवार गोठत होता आणि तो दोष दूर झालेला नव्हता, हेही मंडळाने नोंदवले, हे खरे. तरीही एकाच दांडीला दोन अर्थ देणारी ती मांडणी आधी कोणी आणि कोणत्या कसोटीवर पास केली, हा प्रश्न मला वैमानिकाच्या चुकीपेक्षा मोठा वाटतो.

ड्रोनविषयी सार्वजनिक चर्चेत आज जो प्रश्न पुन्हा पुन्हा येतो तो मात्र संख्येचा असतो: एका माणसाला एका वेळी किती ड्रोन उडवू द्यावेत? अमेरिकेत २०१६ पासून लागू असलेल्या छोट्या ड्रोनच्या नियमांचे मूळ उत्तर ‘एकच’ असे आहे. अधिक हवे असतील तर सवलत मागून घ्यावी लागते. फवारणी, वीजवाहिन्यांची पाहणी, औषधे पोचवणे, आपत्तीनंतरचा शोध या सगळ्या कामांत माणशी एकच ड्रोन ठेवला तर खर्चाचा मेळ बसत नाही, म्हणून ती संख्या वाढवण्याचा दबाव आहे आणि तो वाढतच जाणार. माझे म्हणणे असे आहे की या वादात प्रश्नच चुकीच्या जागी धरला गेला आहे. एक माणूस किती ड्रोन सांभाळू शकतो हे त्याच्या हुशारीवर जितके ठरते त्याहून अधिक त्याच्यापुढच्या पडद्यावर ठरते. परवाना देताना आपण माणसाची परीक्षा घेतो, यंत्राचे वजन आणि वेग तपासतो, आणि या दोघांच्या मधल्या पडद्याकडे मात्र विकणाऱ्याने केलेली सजावट म्हणून पाहतो. प्रवासी विमानाच्या कॉकपिटमधला प्रत्येक दिवा मंजुरीच्या चाळणीतून जातो. टॅबलेटवरच्या ड्रोन-ॲपला तशी चाळणी सहसा लागत नाही. पडदा हा विमानाचाच भाग आहे असे मानून त्याची तपासणी झाली पाहिजे, आणि ती झाल्याशिवाय संख्येची चर्चा करूच नये.

नुसती संख्या किती फसवी असते ते प्रकाशाच्या खेळांवरून दिसते. २०१८ च्या प्योंगचांग हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनात दूरचित्रवाणीवर १,२१८ ड्रोनचा खेळ दाखवला गेला (तो आधीच चित्रित केलेला होता, ही गोष्ट अनेक जण विसरतात), आणि २०२१ मध्ये टोकियोच्या मैदानावर १,८२४ ड्रोनांनी आकाशात पृथ्वीगोल उभा केला. असे खेळ चालवणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात. याचा अर्थ त्यांच्यापैकी एकेक जण शेकडो ड्रोन उडवतो असा मुळीच नाही. प्रत्येक ड्रोनचा प्रत्येक सेकंदाचा मार्ग आधीच संगणकावर ठरलेला असतो, आकाश मोकळे असते, खाली प्रेक्षकांपासून राखलेली जागा असते. पडद्यापुढच्या माणसाला उरलेले निर्णय मोजके: वारा मर्यादेत आहे का, कोणता ड्रोन उड्डाणापूर्वीच बाद करायचा, आणि गडबड झाली तर खेळ केव्हा आवरता घ्यायचा. याउलट डोंगराळ जंगलात हरवलेल्या माणसाचा शोध घेणारे तीनच ड्रोन असले तरी ते एका माणसाला पुरून उरतात, कारण प्रत्येकाच्या कॅमेऱ्यात दर क्षणी नवे काही दिसत असते आणि ते माणसानेच ओळखायचे असते. एकीकडे १,८२४ आणि दुसरीकडे ३, आणि अधिक दमणारा माणूस दुसरीकडचा.

या विषयातल्या संशोधकांनी हे गणित बरेच आधी मांडले आहे. डॅन ओल्सेन आणि मायकल गुडरिच यांनी २००३ च्या सुमारास दोन वेळांची कल्पना पुढे ठेवली. एक म्हणजे यंत्राकडे दुर्लक्ष करता येण्याचा काळ, म्हणजे माणसाने पाठ फिरवल्यावर त्याचे काम किती वेळ समाधानकारक चालू राहते. आणि दुसरा संवादाचा काळ, म्हणजे ते पुन्हा मार्गी लावायला माणसाला किती वेळ द्यावा लागतो. ड्रोन साठ सेकंद आपले आपण नीट उडू शकत असेल आणि त्याला पुढचे काम नेमून द्यायला दहा सेकंद लागत असतील, तर एका माणसाला ढोबळमानाने सात ड्रोन पेलावेत. साठाला दहाने भागायचे आणि ज्याच्याशी आत्ता बोलतो आहोत तो एक त्यात मिळवायचा, इतके हे साधे आहे. या गणितातला छेद पूर्णपणे पडद्याच्या हातात आहे. दहा सेकंदांचे काम तीन मेनू खाली दडवले की ते वीस सेकंदांचे होते आणि सातांचे चार होतात. माणूस तोच, ड्रोन तेच, परवानाही तोच. शिवाय एका ड्रोनकडून दुसऱ्याकडे वळताना ‘हा कुठे होता, याला मी काय सांगितले होते’ हे आठवण्यात जो वेळ जातो, तो या साध्या गणितात धरलेलाच नाही. पुढच्या अभ्यासकांनी तो धरायला सुरुवात केली, तशी पेलण्याजोगी संख्या खाली आली.

आता पडद्याच्या जरा जवळ जाऊ. ड्रोन उडवणाऱ्याच्या टॅबलेटवर मध्ये नकाशा असतो, नकाशावर ड्रोनचा बाण, कोपऱ्यात बॅटरीची टक्केवारी, उपग्रहांची संख्या, वेग आणि उंची. उंचीच्या जागी ‘६० मी.’ असे लिहिलेले आहे असे समजा. हे साठ मीटर कशापासून? बहुतेक साध्या ड्रोनमध्ये ते टेकऑफच्या जागेपासून मोजलेले असतात. टेकडीच्या माथ्यावरून उडवून ड्रोन दरीवर नेला तर पडदा साठच म्हणत राहील आणि खालची जमीन प्रत्यक्षात दोनशे मीटरवर गेलेली असेल, म्हणजे कायद्याची मर्यादा कधी ओलांडली ते चालवणाऱ्याला कळणारही नाही. उलट दरीतून उडवून समोरच्या चढावर नेला तर पडद्यावर साठ असताना ड्रोन झाडात घुसलेला असेल. अधिक प्रगत सॉफ्टवेअरमध्ये उंची तीन प्रकारे देता येते: टेकऑफपासून, समुद्रसपाटीपासून आणि त्या त्या ठिकाणच्या जमिनीपासून. सोय म्हणून हे उत्तमच आहे, पण तिन्ही वेळा पडद्यावर उमटतो तो एक आकडा आणि पुढे ‘मी.’ हे अक्षर. तो आकडा कोणत्या पायावरचा आहे हे ज्याला माहीत आहे त्यालाच तो वाचता येतो. पाच ड्रोन असतील आणि त्यांतल्या दोघांचा पाया वेगळा असेल, तर पाच आकड्यांची सुबक रांग हा चक्क सापळा आहे.

एका आकड्याला दोन अर्थ दिले की काय होते याचा मोठा दाखला प्रवासी विमानसेवेत आहे. २० जानेवारी १९९२ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला उतरू पाहणारे एअर इंटरचे एअरबस ए-३२० विमान डोंगरावर आदळले आणि ९६ पैकी ८७ जण मरण पावले. चौकशीत जी शक्यता प्रबळ मानली गेली ती अशी: वैमानिकांना ३.३ अंशांच्या उताराने खाली यायचे होते, पण यंत्र दुसऱ्या मोडमध्ये असल्याने तीच संख्या मिनिटाला ३,३०० फूट या अर्थाने घेतली गेली. त्या काळच्या पडद्यावर एका मोडमध्ये ‘-३.३’ आणि दुसऱ्यात, शेवटची दोन शून्ये गाळून, ‘-३३’ असे दिसत असे. फरक एका टिंबाचा. पुढे त्या जागी चार आकडी संख्या दाखवण्याची सुधारणा झाली. कॉकपिटच्या जगाने ही शिकवण ८७ प्राणांच्या मोलाने घेतली, आणि ड्रोनच्या पडद्यांवर मात्र आपण पाया न सांगणारा आकडा अजून आनंदाने छापतो आहोत.

दुसरा दोष याहून सूक्ष्म आहे आणि मला तो अधिक घातक वाटतो. पडदा अनेकदा ‘झाले’ असे सांगतो तेव्हा त्याला ‘मी सांगितले’ एवढेच म्हणायचे असते. २८ मार्च १९७९ ला अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात एक झडप उघडी अडकली. नियंत्रण कक्षातला दिवा मात्र झडप बंद झाल्यासारखा दिसत होता, कारण तो झडपेची प्रत्यक्ष स्थिती दाखवतच नव्हता. झडपेला दिला जाणारा विजेचा संकेत थांबला आहे, इतकेच तो सांगत होता. दोन तासांहून अधिक काळ त्या उघड्या झडपेतून पाणी जात राहिले आणि अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला. मुक्त, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, सॉफ्टवेअरच्या ड्रोनजगात सर्वाधिक चालणारी ‘मॅव्हलिंक’ ही संदेशपद्धत २००९ मध्ये लॉरेन्झ मायर यांनी सुरू केली. तिच्यात आज्ञेला ड्रोनकडून पोच मिळते, पण ‘आज्ञा स्वीकारली’ या पोचेचा अर्थ ‘काम पूर्ण झाले’ असा धरता येत नाही. हे संदेशपद्धत जाणते, तिच्यावर काम करणारे अभियंते जाणतात, पण पोच आली की बटण हिरवे करून मोकळा होणारा पडदा ही जाणीव चालवणाऱ्यापर्यंत पोचूच देत नाही.

याच जातीचा तिसरा प्रकार म्हणजे शिळी माहिती ताजी म्हणून दाखवणे. मॅव्हलिंकमध्ये ड्रोन साधारण सेकंदाला एकदा ‘मी आहे’ असा ठोका पाठवतो आणि आपली जागा त्याहून अधिक वेळा कळवतो. ड्रोन इमारतीच्या आड गेला की हे संदेश थांबतात. पण नकाशावरचा बाण नाहीसा होत नाही, तो शेवटच्या जागी तसाच, त्याच रंगात, त्याच ठाशीवपणे उभा राहतो. ताशी ५० किलोमीटरने उडणारा ड्रोन दहा सेकंदांत सुमारे १४० मीटर पुढे गेलेला असतो. एकच ड्रोन असेल तर बाण हलत नाही हे डोळ्यांना खटकते. वीस असतील तर एक न हलणारा बाण डोळ्यांना विश्रांतीच देतो. उपाय अगदी साधा आहे आणि काही पडद्यांवर तो दिसतोही: माहिती जितकी जुनी तितका बाण फिका करत जाणे, भोवती ‘आता इथपर्यंत कुठेही असू शकेल’ असे फुगत जाणारे वर्तुळ काढणे आणि शेजारी सेकंद मोजणे. पडद्याला काय माहीत नाही हे पडद्याने सांगितलेच पाहिजे. पण विकणाऱ्याला फिका बाण आवडत नाही, कारण प्रात्यक्षिकात तो कमकुवत दिसतो.

ड्रोनांचा गट किंवा थवा झाला की गोष्ट नुसती मोठी होत नाही, तिची जातच बदलते. १९८७ मध्ये संगणकतज्ज्ञ क्रेग रेनॉल्ड्स यांनी संगणकावर पक्ष्यांचा थवा उभा केला तो तीन साध्या नियमांवर: शेजाऱ्याला आपटू नकोस, शेजाऱ्यांच्या दिशेने आणि वेगाने चाल, आणि थव्याच्या जवळ राहा. थव्याचा आराखडा कोणाच्याच डोक्यात नसतो, तो या नियमांतून आपोआप उमटतो. ड्रोनांच्या थव्यांतही हे तत्त्व वापरले जाते, आणि म्हणूनच चौदाव्या ड्रोनने अचानक डावीकडे वळण का घेतले याचे एका वाक्यातले उत्तर अनेकदा नसतेच. तेरा आणि पंधरा वळले म्हणून तो वळला. अशा वेळी पडद्यावर वीस बाण, वीस बॅटऱ्या आणि वीस उंच्या मांडणे म्हणजे एका ड्रोनचा पडदा वीस वेळा छापणे होय, आणि तयार सॉफ्टवेअर बहुधा हेच करते. त्यात नवल नाही, कारण त्याची घडणच एकेका ड्रोनसाठी झालेली असते. (मॅव्हलिंकमध्ये प्रत्येक ड्रोनचा क्रमांक एका बाइटात बसवलेला आहे, म्हणजे १ ते २५५. हजारांचे थवे तेव्हा कोणाच्या स्वप्नात होते?) गट सांभाळणाऱ्याला हवे असते ते वेगळेच: गटाचे काम कितपत झाले, कोणता भाग पाहायचा राहिला, पुढच्या दोन मिनिटांत गट कुठे जाणार आहे, आणि बाकीच्यांपेक्षा वेगळा वागणारा कोण आहे. सरळ चाललेले अठरा पडद्यावर पुसट झाले तरी बिघडत नाही, भरकटलेले दोन मात्र ठळक दिसलेच पाहिजेत.

इशाऱ्यांचेही तेच. वारा वाढला की वीस ड्रोन एकाच वेळी वीस इशारे देतात, आणि त्या गर्दीत अकराव्याची खरोखर तापलेली मोटर हरवते. वेल्समधल्या मिलफर्ड हेवन तेलशुद्धीकरण कारखान्यात २४ जुलै १९९४ ला स्फोट झाला त्याआधीच्या सुमारे ११ मिनिटांत तिथल्या दोन कामगारांपुढे २७५ इशारे आले होते, म्हणजे सरासरी अडीच सेकंदांना एक. तिथून पुढे कारखान्यांच्या जगाने इशाऱ्यांची संख्या आणि क्रम यांवर शिस्त आणली. ड्रोनच्या पडद्यांना तीच शिस्त लावायला कोणताही नवा शोध लागायची गरज नाही. ‘वारा वाढला, वीसही ड्रोनांवर परिणाम’ ही एक ओळ आणि तिच्या वर ‘अकरा: मोटर तापली’ ही दुसरी, इतके पुरते.

आणि मग ते लाल बटण. जवळजवळ प्रत्येक गट-पडद्यावर सगळ्यांना एकदम थांबवण्याचे बटण असते आणि ते पाहून परवाना देणाऱ्याचे समाधान होते. पण ‘थांबा’ म्हणजे काय? चार पंख्यांचा ड्रोन हवेत जागच्या जागी थांबू शकतो, स्थिर पंखांचा थांबला तर पडतो, म्हणून त्याला घिरट्या घालाव्या लागतात. मिश्र गटात एकाच बटणाने निम्मे थबकतात आणि निम्मे त्यांच्याभोवती फिरू लागतात. ‘थांबा’चा अर्थ ‘घरी परत’ असा ठेवला तर वीस ड्रोन एकाच ठरवलेल्या उंचीवर चढून एकाच बिंदूकडे निघतात. एकट्या ड्रोनला वाचवणारी युक्ती गटाला एकमेकांवर आपटवते. म्हणून प्रकाशाचे खेळ करणारे प्रत्येकाला परतीचा वेगळा मार्ग, उंची किंवा क्षण नेमून देतात. तिसरा अर्थ मोटरी तोडण्याचा, आणि तो तर खालच्या माणसांच्या डोक्यावर ड्रोन टाकण्याचा. हे तीन अर्थ एकाच लाल चौकोनामागे असू शकतात, किंवा मेनूतल्या एका निवडीने बदलू शकतात, आणि तो दाबणाऱ्याचा हात तेव्हा थरथरत असतो. नोगालेसची दांडी हीच.

यावर एक आक्षेप हटकून येतो: स्वयंचलन इतक्या वेगाने सुधारते आहे की माणूस नुसता देखरेखीपुरता उरेल, मग पडद्याची एवढी चिकित्सा कशाला? या आक्षेपात तथ्य आहे ते इतकेच की नेहमीचे उड्डाण खरोखर यंत्रे माणसापेक्षा चांगले करतात. अमेरिकेच्या संरक्षण-संशोधन संस्थेच्या, म्हणजे ‘डार्पा’च्या, थव्यांविषयीच्या प्रकल्पात एका माणसाने शंभरावर ड्रोन आणि जमिनीवरचे यंत्रमानव सांभाळून दाखवले, २०२१ च्या अखेरीस झालेल्या त्या चाचणीत त्याच्या मानसिक ताणाचे मोजमापही झाले आणि ताण मर्यादेबाहेर गेला तो अधूनमधूनच. हे यश मी कमी लेखत नाही. पण तिथे तो माणूस शंभर बाणांकडे पाहत नव्हता. त्रिमितीय दृश्यात तो गटांना ‘ही इमारत वेढा’ अशा स्वरूपाची कामे नेमून देत होता, आणि तो पडदा वर्षानुवर्षांच्या चाचण्यांतून घडलेला होता. तेव्हा हे उदाहरण पडद्याचे महत्त्व कमी करणारे नसून माझ्याच बाजूचे आहे. उरतो तो बिघाडाचा क्षण. मानसशास्त्रज्ञ लिझन बेनब्रिज यांनी १९८३ मध्येच दाखवून दिले की यंत्र जितके अधिक काम घेते तितका माणसाचा सराव सुटतो, आणि त्याच्याकडे काम येते ते नेमके यंत्राला न जमलेले, सगळ्यांत अवघड. त्याआधी १९४८ मध्ये मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी रडारवर नजर ठेवणाऱ्यांच्या कामाची नक्कल करून पाहिले होते की क्वचित घडणाऱ्या खुणेची वाट पाहणाऱ्या माणसाचे लक्ष पहिल्या अर्ध्या तासातच ढळू लागते. नुसती देखरेख हे सोपे काम नव्हे, ते माणसाला न झेपणारे काम आहे, आणि ते झेपेल असे करणे ही पडद्याची जबाबदारी आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक जड वाटतो, कारण तो प्रामाणिक माणसांकडून येतो. ड्रोनचे हे सारे जग उभे राहिले ते मोठ्या प्रमाणावर मुक्त सॉफ्टवेअरवर. ‘मिशन प्लॅनर’ आणि ‘क्यूग्राउंडकंट्रोल’ यांसारखी ग्राउंड स्टेशनची, म्हणजे जमिनीवरून ड्रोन चालवण्याच्या संचाची, सॉफ्टवेअरे कोणीही उतरवून घेऊ शकतो, उघडून पाहू शकतो, बदलू शकतो. पडद्याला परवाना लागू लागला तर फुरसतीत काम करणाऱ्यांनी तपासणीचा खर्च कोठून आणायचा, आणि एकदा मंजूर झालेला पडदा सुधारायला दर वेळी नव्याने रांगेत उभे राहावे लागले तर सुधारणाच थांबणार नाहीत का? ही भीती खरी आहे. नियमावल्या रंग, आकार आणि बटणांच्या जागा ठरवू लागल्या की चांगल्या कल्पना गोठतात, हे मी मान्य करतो. म्हणूनच तपासणी दिसण्याची नको, वागण्याची हवी, आणि ती छंद म्हणून एकच ड्रोन उडवणाऱ्याला नकोच. एका माणसाच्या हाती अनेक ड्रोन देण्याची सवलत जो मागतो, त्याने आपला पडदा काय सांगतो आणि काय लपवतो हे सिद्ध करून दाखवावे. ज्याचा कोड उघडा आहे त्याला हे सिद्ध करणे उलट सोपेच जाईल.

जबाबदारीचा प्रश्नही इथेच येतो, आणि माझ्या मते सार्वजनिक दृष्टीने तोच सर्वांत मोठा आहे. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ बॉम्बफेकी विमानांचे वैमानिक जमिनीवर उतरल्यावर पंखांचे फ्लॅप (उतरताना पंखांच्या मागच्या कडेला खाली झुकणाऱ्या पट्ट्या) मिटण्याऐवजी चाके मिटत आणि विमान पोटावर आपटत असे. आधी तो वैमानिकांचा गलथानपणा ठरला. अल्फॉन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने पाहिले की दोन्ही कामांचे खटके शेजारी शेजारी आणि दिसायला एकसारखे आहेत. एका खटक्याला चाकाच्या आणि दुसऱ्याला पंखाच्या आकाराची मूठ लावली, म्हणजे अंधारातही हाताला फरक कळावा, आणि तो गलथानपणा नाहीसा झाला. ड्रोनचा अपघात होतो तेव्हा आज यंत्राची नोंदवही उघडली जाते: उंची किती, वेग किती, कोणती आज्ञा कितव्या सेकंदाला दिली गेली. त्या सेकंदाला पडद्यावर काय दिसत होते याची नोंद मात्र क्वचितच सापडते. मग आज्ञा चालवणाऱ्याची होती हे सिद्ध होते, आणि ती आज्ञा त्याला योग्य का वाटली हे कायमचे अंधारात राहते. गट उडवणाऱ्या प्रत्येक ग्राउंड स्टेशनने आपल्या पडद्याचे चित्र उड्डाणाच्या नोंदीबरोबर जपून ठेवणे बंधनकारक झाले, तर चौकशीत चालवणारा आणि पडदा बनवणारा हे दोघेही एकाच टेबलाशी बसतील. साठवणुकीचा खर्च हे निमित्त आता टिकणारे नाही. ड्रोनच्या कॅमेऱ्याचे चित्रण त्याहून कितीतरी जास्त जागा खाते.

तपासणी कशी करायची, यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. वीस ड्रोनांची सवलत मागणाऱ्याला संगणकावरच्या आभासी उड्डाणात बसवावे, अर्धा तास काहीही बिघडू देऊ नये, आणि एकतिसाव्या मिनिटाला त्याला न सांगता सातव्या ड्रोनचा संपर्क तोडावा. त्याच सुमारास वारा वाढवावा, म्हणजे बाकीच्यांचे इशारे सुरू होतील. तपासनिसाने हातात स्टॉपवॉच धरून एवढेच मोजावे की सातवा गप्प झाला आहे हे त्या माणसाच्या ध्यानात किती सेकंदांनी आले. मग त्याला विचारावे की आता तो कुठे असेल, किती उंचीवर असेल आणि ती उंची कशापासून मोजलेली आहे. मग तोच माणूस दुसऱ्या पडद्यापुढे बसवून हेच पुन्हा करावे. दोन पडद्यांवरचे सेकंद सारखे आले तर माझे म्हणणे खोटे ठरेल आणि संख्येचा वाद जिथे आहे तिथून खुशाल पुढे चालवावा.